ओलेंकाची मतं

साठी उलटल्यावर टॉलस्टॉय सायकल शिकला. लष्कराच्या कवायती व्हायच्या अशा एका मोठ्या बंदिस्त जागेत त्याचा सराव चालायचा. पलीकडच्या टोकाला एक बाई शिकत होत्या. त्यांना आपला धक्का लागू नये म्हणून टॉलस्टॉय त्यांच्यावरच डोळा ठेवून राहिला, आणि जिकडे नजर तिकडे चाक या न्यायाने त्यांच्याकडेच सरकत गेला. बाईंनी धोका ओळखून लगबगीने बाजूला व्हायचा प्रयत्न केला, पण व्हायचं ते झालंच. त्याने त्यांना धडक देऊन पाडलं.

हा किस्सा त्याने १९०५ साली लिहून ठेवला तो अंतोन चेखव्हच्या 'दुशेच्का' या कथेवर लिहिताना. त्याचं म्हणणं असं, की चेखव्हचंही असंच झालं, फक्त उलट्या दिशेने. या कथेतल्या बाईला पाडायचं म्हणून तो तिच्याकडे टक लावून बसला आणि त्या नादात तिला उचलून धरून बसला. जोडीला बायबलमधल्या बलामाचा दाखला: मवाबच्या राजाने त्याला इस्रायलच्या लोकांना शाप द्यायला बोलावलं आणि त्याच्या तोंडून निघाले आशीर्वाद. एका थोर लेखकाने दुसऱ्याला सांगावं, की तुला जे लिहायचं होतं ते साधलं नाही म्हणूनच तुझी कथा मोठी झाली! उत्तर द्यायला चेखव्ह नव्हता. तो १९०४ च्या जुलैत क्षयाने गेला होता.

मला टॉलस्टॉयचं पटत नाही. स्तुती पटते, कारण पटत नाही. चेखव्हच्या हातून आणखी काही चुकून झालं असेल, उपरोध चुकून होत नसे. या बाईच्या, म्हणजे ओलेंकाच्या, कथेत तो कुठे हसतो आणि कुठे न हसता नुसती नोंद करून पुढे जातो, एवढं जरी नीट पाहिलं तरी ती निराळी दिसायला लागते. तिच्याभोवतीचे पुरुष तर फारच निराळे दिसतात.

कथा १८९९ च्या जानेवारीत मॉस्कोच्या 'सेम्या' या साप्ताहिकात आली. आपल्याकडे बहुतेकांनी ती इंग्रजीतून, 'द डार्लिंग' या नावाने वाचलेली असते. निवृत्त सरकारी नोकराची मुलगी ओलेंका अंगणातल्या पायरीवर बसली आहे. उकाडा आहे, माश्या सतावताहेत, पूर्वेकडून काळे ढग येताहेत. अंगणातल्याच बाजूच्या घरात भाड्याने राहणारा कुकिन आभाळाकडे बघून हातपाय आपटतोय. त्याचं 'तिवोली' नावाचं करमणुकीचं उद्यान आहे, तिथे उघड्यावर नाटकं होतात. पाऊस आला की धंदा बुडाला. आज ढग, उद्या ढग, परवाही तेच. पहिल्या दिवशी तो कुरकुरतो. दुसऱ्या दिवशी वेड्यासारखा हसत सुटतो: बुडू दे सगळं, मला कोर्टात खेचा, सैबेरियाला धाडा, फासावर चढवा. ओलेंका गप्प राहून ऐकते. कधीकधी तिच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि ती त्याच्या प्रेमात पडते.

कुकिन किडकिडीत आहे, पिवळा पडलेला आहे, बोलताना त्याचं तोंड वाकडं होतं. चेखव्ह हे सांगतो आणि लगेच सांगतो की तरी तिच्या मनात खरी, खोल भावना जागी झाली. याआधी तिचं वडिलांवर प्रेम होतं, दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या आत्यावर होतं, शाळेत फ्रेंचच्या शिक्षकांवर होतं. गावातल्या बायका तिच्याशी बोलता बोलता मध्येच तिचा हात धरून म्हणतात, गुणाची गं बाई! कथेचं नाव म्हणजे ही हाक.

रात्री तिवोलीतून बँड ऐकू येतो, दारूकाम फुटतं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या तिला वाटतं, कुकिन नशिबाशी लढतोय, बेपर्वा प्रेक्षक नावाच्या शत्रूवर चाल करून जातोय. पहाटे तो परतला की ती खिडकीच्या काचेवर हलकेच टकटक करते आणि पडद्याआडून चेहरा आणि एक खांदा, एवढंच दाखवून हसते. चेखव्ह इथे एकाच खांद्याचा हिशेब ठेवतो. दोन्ही खांदे कुकिनला दिसतात ते लग्न झाल्यावर, आणि मग तोही हात उडवून तीच हाक मारतो. तो सुखात असतो. पण लग्नाच्या दिवशी पाऊस असतो आणि रात्रीही तो थांबत नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्यावरची हताशा काही जात नाही. या एका वाक्यासाठी मी चेखव्हला चार कथा माफ करायला तयार आहे. नवरदेवाचं सुख आणि नवरदेवाची हताशा एकाच चेहऱ्यावर, एकमेकांची अडचण न होता!

आता कथेतलं मुख्य यंत्र सुरू होतं. लग्न झालं की ओलेंका कुकिनसारखं बोलायला लागते. नाटक ही जगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, माणूस सुसंस्कृत होतो तो नाटकानेच, पण लोकांना हे कुठे कळतं, त्यांना पाहिजे जत्रेतला तमाशा. कुकिनला ती लाडाने वानिच्का म्हणते, आणि 'मी आणि वानिच्का' असं म्हणून प्रत्येक वाक्य सुरू करते. आपल्याकडच्या 'आमच्या ह्यांचं म्हणणं असं' या वाक्याची ही रशियन बहीण. नटमंडळी तिला 'मी आणि वानिच्का' असंच चिडवतात.

इथे सगळे ओलेंकाला हसतात. बाईला स्वतःचं डोकं नाही! पण हे यंत्र उलट बाजूनेही चालतं, आणि चेखव्हने ते मुद्दाम तसं बसवलंय. कुकिन स्वतः बोलतो तेव्हा त्याची थोडी कीव येते. बिचारा कलावंत, गावंढळ प्रेक्षकांत अडकलाय. तेच शब्द ओलेंकाच्या तोंडून आले की आपल्याला त्यांतला पोकळ आवाज ऐकू येतो. त्यातून ती खेळांची नावं सांगते. काल आम्ही उलटापालटा केलेला 'फाउस्ट' लावला आणि थिएटर जवळपास रिकामं राहिलं. उद्या 'ऑर्फियस पाताळात' आहे, या तुम्ही. 'ऑर्फियस पाताळात' ही ऑफेनबाखची ऑपेरेटा म्हणजे ग्रीक पुराणकथेची उघड टिंगल आहे. 'फाउस्ट'चं तर नावच सांगतंय की मूळ ग्रंथाची कपडे उलटे घालून काढलेली नक्कल आहे. म्हणजे लोकांना उच्च कला नको, थिल्लरपणा हवा, अशी छाती पिटणारा कुकिन स्वतः दाखवतोय काय, तर विडंबनं. हे कुकिनच्या तोंडून कळलं नसतं. तो ढग आणि प्रेक्षक यांच्यापलीकडे जातच नाही. बायको भाबडेपणाने कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवते आणि नवऱ्याचं पितळ उघडं पडतं. तिला त्याचा पत्ता नाही, त्यालाही नाही.

कथा वाचताना ही खूणगाठ बांधून ठेवावी. ओलेंका ज्याचं मत उचलते, त्याच्या मताची परीक्षा होते.

आणि एक गोष्ट चेखव्ह न हसता सांगतो. लग्नानंतर ती तिकीटखिडकीवर बसते, उद्यानाची व्यवस्था बघते, हिशेब लिहिते, पगार वाटते. नटांना किरकोळ उसने पैसे देते, कुणी बुडवले तर चोरून रडते, पण नवऱ्याकडे गाऱ्हाणं नेत नाही. पुढे लाकडाच्या वखारीतही हेच. दुपारनंतर ती कचेरीत बसून बिलं करते, माल रवाना करते. ज्या बाईला स्वतःचं मत नाही म्हणून जग हसतं तिने दोन नवऱ्यांचे धंदे चालवले, हे कथेत स्पष्ट लिहिलंय, पण इतक्या साध्या सुरात की वाचणाऱ्याचं लक्ष जात नाही. राहतं घरही तिचंच, वडिलांनी मृत्युपत्रात तिच्या नावावर केलेलं. कुकिन तिचा भाडेकरू. पुढचा पशुवैद्यही भाडेकरू. पुरुष येतात, जातात, मरतात, बदली होऊन जातात, घर तिचं राहतं. परावलंबी बाई म्हणून जिचा उल्लेख प्रत्येक वर्गात होतो तिच्या नावावर गावातली मालमत्ता आहे, ही चेखव्हने केलेली चेष्टा आजवर फारच थोड्यांनी घेतली.

संसारात ओलेंका गुटगुटीत होते, सुखाने चमकते. कुकिन वाळतो, पिवळा होतो. हिवाळाभर धंदा बरा चाललेला असताना नुकसानीचं रडगाणं गातो. ईस्टरआधीच्या उपवासांच्या दिवसांत तो मॉस्कोला नट गोळा करायला जातो आणि तिला रात्री झोप लागत नाही. ती खिडकीशी बसून चांदण्या बघते आणि मनात स्वतःची तुलना कोंबड्यांशी करते: खुराड्यात कोंबडा नसला की त्याही रात्रभर जाग्या असतात. विरहाच्या चांदण्यात खुराडं आणून ठेवायला धाडस लागतं. आपल्याला हसू येतं, पण तिच्या दुःखाचं वजन गुंजभरही कमी होत नाही.

मग एका रात्री फाटकावर थाप पडते. पिंपावर बुक्के मारल्यासारखा आवाज. झोपेतली स्वयंपाकीण अनवाणी डबक्यांतून पळत दार उघडायला जाते. तार आहे. कुकिन अचानक वारला. आणि त्या तारेत छपाईची चूक आहे. अंत्यविधीच्या शब्दातलं एक अक्षर असं चुकलंय की रशियन कानाला त्यात खो खो हसणं ऐकू येतं. आणखी एक शब्द तर निव्वळ निरर्थक आहे. सही ऑपेरेटा कंपनीच्या दिग्दर्शकाची. आयुष्यभर ऑपेरेटाच्या नादी लागलेल्या माणसाच्या मरणाची बातमीही ऑपेरेटाच्या भाषेत येते.

या छपाईच्या चुकीवरून एक आठवण सांगायचा मोह होतो. मॅक्झिम गॉर्कीने लिहिलंय, की एकदा त्याच्यासमोर टॉलस्टॉय चेखव्हच्या एका कथेची, बहुधा याच कथेची, डोळ्यांत पाणी आणून तारीफ करत होता. चेखव्हच्या अंगात ताप होता. मान खाली घालून तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला आणि शेवटी ओशाळून एवढंच पुटपुटला, की तिच्यात छपाईच्या चुका राहिल्यात. कथा 'दुशेच्का'च असेल तर हा विनोद जितका वाटतो त्यापेक्षा बराच लांबचा आहे.

ओलेंका तीन महिने शोक करते. मग देवळातून परतताना वखारीचा व्यवस्थापक पुस्तोवालोव्ह सोबत चालतो. पांढरं जाकीट, सोन्याची साखळी, सगळं देवाच्या इच्छेने होतं अशी धीरगंभीर वाक्यं. तिसऱ्या दिवशी तो घरी येऊन दहा मिनिटं बसतो, फारसं बोलत नाही, आणि रात्रभर ओलेंका तापाने फणफणल्यासारखी जागी. कुकिनच्या बडबडीने जिंकली गेलेली बाई पुस्तोवालोव्हच्या मौनाने जिंकली जाते. लग्न होतं आणि मतं बदलतात. लाकूड दर वर्षी वीस टक्क्यांनी महागतंय, आता माल मोगिल्योव प्रांतातून आणावा लागतो, आणि वाहतुकीचं भाडं काय म्हणता! असं म्हणून ती दोन्ही गालांवर हात ठेवते. कुणी नाटकाला चला म्हटलं की शांतपणे सांगते: मी आणि वासिच्का कष्टाची माणसं, आम्हाला असल्या फालतू गोष्टींना वेळ नाही, त्या नाटकांत असतं काय? कुकिन ऐकता तर पुन्हा सैबेरियाची भाषा बोलता.

तिला स्वप्नंही लाकडाची पडतात. बारा अर्शिनांच्या, म्हणजे अठ्ठावीस फुटांच्या तुळयांची पलटणच्या पलटण उभीच्या उभी वखारीवर चाल करून येते. तुळया एकमेकींवर आपटतात, पडतात, पुन्हा उठतात. ती किंचाळते आणि नवरा प्रेमाने सांगतो, क्रुसाची खूण कर. उधारीच्या मतांची इथवर खिल्ली चालली होती, आता चेखव्ह एक गंभीर गोष्ट दाखवतो. मत उधार असेल, भीती अस्सल आहे. झोपेतही ती वखारीतच असते. नाटकाला फालतू म्हणणारं तिचं तोंड ढोंगी नाही. ढोंग करायला आतून एक वेगळं माणूस शाबूत असावं लागतं, आणि तिच्यात तसं दुसरं माणूसच नाही. म्हणून तिच्यावर चिडता येत नाही.

पुस्तोवालोव्हबरोबरची ही सहा वर्षं कथेतली सर्वांत सुखाची आणि सर्वांत वासाची. रोज दुपारी फाटकाबाहेरच्या रस्त्यापर्यंत बोर्श्चचा आणि भाजलेल्या मटणाचा किंवा बदकाचा वास येतो, उपवासाच्या दिवशी मासळीचा. जाणाऱ्याला भूक लागल्याशिवाय राहत नाही. कचेरीत समोवार सदा तापलेला, गिऱ्हाइकाला चहा आणि बुब्लिक. आठवड्यातून एकदा दोघं स्नानगृहात जातात आणि लालबुंद होऊन शेजारी शेजारी चालत परत येतात. चेखव्ह हेही किंचित हसूनच लिहितो. पण वास खरा आहे.

लष्कराच्या पलटणीतला पशुवैद्य स्मिर्निन तेव्हापासूनच अंगणातल्या घरात राहतोय. त्याची बायको दुसऱ्याच्या नादी लागली म्हणून तो वेगळा झालाय, मुलासाठी दरमहा चाळीस रूबल पाठवतो. ओलेंका त्याला समजावते, की मुलाकडे बघून तरी बायकोला माफ करा. नवरा मोगिल्योवहून आला की ती त्याला ही हकीकत सांगते. दोघं त्या न पाहिलेल्या मुलासाठी हळहळतात, मग देवाच्या तसबिरींपुढे वाकून मूल मागतात. हा परिच्छेद बहुतेक वाचक ओलांडून जातात. कथेतल्या उपरोधाची सगळ्यांत लांब दोरी इथे गाठ मारून ठेवलेली आहे. ओलेंकाने मूल मागितलं ते या मुलाच्या निमित्ताने, आणि पुढे कित्येक वर्षांनी देव तिला देतो ते हेच मूल. तिने दिलेला सल्ला स्मिर्निन ऐकतो, बायकोशी जुळवून घेतो, आणि त्या सल्ल्यामुळे तो स्वतः तिच्या हातून कायमचा जातो. मागणं पुरं झालं, सल्ला मानला गेला. फक्त दोन्हींची किंमत मागणाऱ्या बाईनेच भरली.

पुस्तोवालोव्ह मरतो तो कचेरीतला गरम चहा पिऊन टोपी न घालता हिवाळ्यात बाहेर गेला म्हणून. चार महिन्यांचं दुखणं. समोवार कुणाचा होता हे चेखव्ह सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मी यावरून ओलेंकावर आरोप ठेवणार नाही. पण तिच्या मायेच्या उबेत राहिलेल्या दोन्ही माणसांची प्रकृती ढासळते, हे चेखव्ह डॉक्टर असल्याने त्याला अगदी योगायोगाने सुचलं असेल असंही नाही.

मग स्मिर्निन. लोकांना कळतं ते असं: एका ओळखीच्या बाईला टपाल कचेरीत भेटून ओलेंका म्हणते, की आपल्या गावात जनावरांवर नीट देखरेख नाही, त्यामुळे रोग फैलावतात. बस्स. या एका वाक्यावरून गाव ओळखतं की दोघांचं जमलंय. दुसरी बाई असती तर नावं ठेवली असती, हिला कुणी ठेवत नाही. लग्न नाही, घोषणा नाही, वर्णन नाही. प्रेमप्रकरण आपल्याला कळतं ते गुरांच्या रोगांवरच्या मतातून. वाचकाला एव्हाना यंत्र इतकं सवयीचं झालेलं असतं की चेखव्ह एका वाक्यात अख्खा अध्याय उरकतो.

इथे यंत्र पहिल्यांदा अडतं. स्मिर्निनचे पलटणीतले सहकारी घरी आले की ओलेंका चहा ओतता ओतता गुरांची साथ, क्षय, गावचा कत्तलखाना यांवर बोलते. पाहुणे गेले की तो तिचा हात घट्ट धरून फिसकारतो: तुला कळत नाही त्यात बोलू नको. ती गोंधळून विचारते, की मग मी बोलू तरी कशावर? आणि त्याला मिठी मारते, रडते, दोघंही सुखात असतात. स्मिर्निन म्हणतो की कंटाळा येतो. मला तो खोटा वाटतो. त्याला लाज वाटते, आणि ती तिच्या अज्ञानाची नाही. ती बोलते ते सगळं बरोबरच असतं, त्याच्याचकडून घेतलेलं. व्यवसायातली आपली गंभीर वाक्यं किटलीच्या वाफेतून परत ऐकू आल्यावर ती किती सामान्य आहेत हे त्याला कळतं. कुकिनला हे कधी कळलं नाही. पुस्तोवालोव्हला त्याने काही फरक पडला नसता. शिकलेल्या माणसालाच आपला प्रतिध्वनी सहन झाला नाही.

एक गंमत जाता जाता. वानिच्का, वासिच्का, वोलोदिच्का. तिच्या तोंडी तिघांची लाडकी नावंसुद्धा एकाच अक्षराने सुरू होतात आणि एकाच शेपटीने संपतात. 'मी आणि' तेवढं कायम राहतं.

पलटण जवळजवळ सैबेरियाइतक्या लांब हलते आणि स्मिर्निन जातो. आता कथा अशा जागी येते जिथे हसणं थांबतं. वडिलांची खुर्ची एक पाय मोडून माळ्यावर धूळ खात पडली आहे. ओलेंका वाळलीय, रूप गेलंय. आणि सर्वांत वाईट काय, तर तिला कशावरच मत नाही. बाटली उभी आहे, पाऊस पडतोय, शेतकरी गाडी हाकतोय, हे तिला दिसतं. पण ती बाटली, तो पाऊस, तो शेतकरी कशासाठी आहे हे हजार रूबल दिले तरी तिला सांगता येत नाही. कुकिन असता तर पावसावर केवढं बोलली असती! ही बाटली मला सगळ्या कथेत महत्त्वाची वाटते. इथवर चेखव्हने मतांची चेष्टा केली, आता तो मतं काढून घेऊन दाखवतो की मागे काय उरतं: जगातल्या वस्तू, नुसत्या, एकमेकींशी काही नातं नसलेल्या. आपण नाटकावर, लाकडावर, राजकारणावर बोलतो तेव्हा त्या बोलण्याने बाटली आणि पाऊस एका जगात बांधलेले राहतात. ते बोलणं आपण कुठून उचललं याची चौकशी ओलेंकाने कधी केली नाही. रोज सकाळी पेपर उघडणारे आपण तरी कुठे करतो?

मांजर अंगाशी येतं तर तिला ते नको असतं. तिला असं प्रेम हवंय जे तिचा सगळा जीव, सगळी बुद्धी व्यापेल, तिला विचार देईल. प्रेमाकडून विचार मागणारी ही बाई जगातल्या कथासाहित्यात बहुधा एकटीच.

जुलैच्या एका उकाड्याच्या संध्याकाळी स्मिर्निन परत येतो. केस पिकलेले, लष्कराचा गणवेश गेलेला. बायकोशी समेट झालाय, मुलाला शाळेत घालायचंय. ओलेंका म्हणते, माझं घर घ्या, भाडं नको, मी बाजूच्या घरात राहीन. दुसऱ्या दिवशी छपराला रंग लागतो, भिंतींना चुना, आणि कमरेवर हात ठेवून ती कामगारांना हुकूम सोडत फिरते. बायको हाडकुळी, आखूड केसांची, लहरी. मुलगा साशा नऊ-दहा वर्षांचा, वयाच्या मानाने ठेंगणा, गालांना खळ्या. आल्या आल्या मांजराच्या मागे धावतो.

संध्याकाळी तो धडा वाचतो: चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात. ओलेंका ते मागून म्हणते. चेखव्ह सांगतो, की इतक्या वर्षांच्या मौनानंतर तिने ठामपणे मांडलेलं हे पहिलं मत. या जागी मला नेहमी मोठ्याने हसू येतं आणि मग कळतं की कथेतलं हे एकमेव मत आहे जे नि:संशय खरं आहे. कुकिन प्रेक्षकांबद्दल चुकला असेल, पुस्तोवालोव्ह वीस टक्क्यांबद्दल, पशुवैद्य साथींबद्दल. बेट मात्र बेटच.

मग तेच चक्र. शाळांतला अभ्यास किती अवघड झालाय, तरी लॅटिन-ग्रीकची शाळाच बरी, तिथून डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा. बाजारात ती आता मास्तर, पाठ्यपुस्तकं, पहिलीला दिलेलं लॅटिन भाषांतर यांवर बोलते. साशाची आई बहिणीकडे खार्कोव्हला जाते ती परत येत नाही. बाप जनावरं तपासायला जातो तो तीन-तीन दिवस गायब. ओलेंका मुलाला आपल्याकडे आणते. संध्याकाळी दोघं अभ्यास करतात आणि दोघं रडतात.

गॉर्कीने आपल्या आठवणींत ओलेंकाला भित्रं राखाडी उंदीर म्हटलं, थोबाडीत मारली तरी मोठ्याने कण्हायची हिंमत नसलेली गुलाम. टॉलस्टॉयने तिला पवित्र म्हटलं. घरच्यांना ही कथा त्याने चार संध्याकाळ ओळीने वाचून दाखवली होती. दोघांचं भांडण ओलेंकाच्या मनाबद्दल आहे. साशा दोघांच्या लेखी तिच्या प्रेमाचा विषय, एवढाच. चेखव्हने मात्र शेवटची पानं या मुलाला दिली आहेत. मोठी टोपी, पाठीवर दप्तर, तो शाळेला निघालाय आणि मागून आवाज न करता ती चालतेय. हाक मारून हातात खजूर किंवा गोळी ठेवते. शाळेच्या गल्लीत वळताना मुलाला लाज वाटते, की ही उंच, जाडी बाई आपल्यामागे. तो वळून म्हणतो, आता तुम्ही घरी जा, मी जाईन. ती थांबते आणि तो दारात नाहीसा होईपर्यंत बघत राहते. खळ्या आणि टोपी यांसाठी ती जीव देईल, असं चेखव्ह लिहितो. का देईल, ते कुणास ठाऊक, असंही लिहितो. हा प्रश्न तो हसण्यावारी नेत नाही.

तीन पुरुषांना तिचं प्रेम कधी ओझं झालं असेल, पण ते उठून जाऊ शकत होते. साशा जाऊ शकत नाही. अभ्यासाबद्दल टोकलं की तो सोडा ना मला असं म्हणतो, यापलीकडे त्याला काही करता येत नाही. प्रेम पवित्र की गुलामी, हा वाद ज्याच्यावर ते प्रेम होतंय त्या दहा वर्षांच्या मुलाला विचारून बघायला हवा होता.

आणि पुन्हा रात्री फाटकावर जोराची थाप. ओलेंका दचकून उठते, श्वास अडतो. खार्कोव्हहून तार, आईने साशाला बोलावलं, देवा! हातपाय गार पडतात. कुकिनच्या वेळी तार खरंच आली होती, तेव्हा ती बेसावध होती. आता ती तयार आहे आणि तार नसते. क्लबातून उशिरा परतलेला स्मिर्निन आहे. मुलाचा बाप घरी आला हे कळून सुटकेचा श्वास सोडते ती बाप आला म्हणून नाही, मुलगा राहिला म्हणून.

शेजारच्या खोलीत साशा झोपेत बरळतो. कुणाला तरी दम देतो, चालता हो म्हणतो, मारामारी करू नको म्हणतो. कथा इथे संपते. हे बोल ओलेंकाला उद्देशून आहेत असं वाचता येतं, वर्गात तसं सांगितलंही जात असेल. मला ते शाळेतल्या एखाद्या दांडगट पोराला उद्देशून वाटतात. साशाचं स्वतःचं एक जग आहे, तिथे भांडणं आहेत, आणि त्या जगात ओलेंका नाही. पाठ्यपुस्तक, लॅटिन, मास्तर हे सगळं तिने आपलंसं केलं, उद्या बाजारात ती त्यावर बोलेल. पण ती आत्ता जागी आहे, खोली शेजारचीच आहे, म्हणजे हे बोल तिला ऐकू येत असणार. त्यावर तिचं मत काय, हे सबंध कथेत पहिल्यांदाच आपल्याला कळत नाही.